चव नोंदवही



आमच्या नगरपालिकेच्या शाळेत एक वही आहे. तिचं नाव चव नोंदवही. दुपारची खिचडी मुलांच्या ताटात पडण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसानं ती खाऊन बघायची आणि वहीत तारीख, पदार्थ, शेरा लिहून सही करायची, असा नियम. शाळा व्यवस्थापन समितीवर माझी निवड झाल्यावर ही वही पहिल्यांदा माझ्यापुढे आली ती एका शुक्रवारी. पानभर शेरा एकच, 'चव चांगली'. पुढच्या सोमवारच्या ओळीतही कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'चव चांगली'. सोमवारची खिचडी अजून तांदळाच्या पोत्यात होती!

मी हसले आणि सही करून मोकळी झाले. ती सही नंतर फार दिवस टोचत राहिली. आज जी गोष्ट सांगणार आहे ती तेव्हा ठाऊक असती, तर पेन खाली ठेवलं असतं.

गोष्ट लंडनची आहे. 1870 साली इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. जिथे शाळा कमी पडतात तिथे लोकांनी शाळा मंडळ निवडायचं आणि मंडळानं घरपट्टीतून पैसा उभा करून शाळा बांधायच्या. पार्लमेंटसाठी मत द्यायचा अधिकार तेव्हा तिथल्या बायकांना नव्हता. या मंडळासाठी मात्र घरपट्टी भरणारी बाई मत देऊ शकत होती, आणि बायका उभ्याही राहू शकत होत्या. मुलं सांभाळणं हे तसंही बायकांचंच काम, असा हिशेब त्यामागे असावा. परसदार म्हणून उघडं ठेवलेल्या त्या दारानं बायका थेट दिवाणखान्यात आल्या.

मतदानाची तऱ्हाही मजेशीर. प्रभागातून जितके सभासद निवडायचे, तितकी मतं प्रत्येकाच्या हातात. जागा पाच असल्या, तर वाटल्यास पाच जणांना एकेक द्या, वाटल्यास पाचही एकाच्याच पदरात टाका. त्यामुळे ज्यांची संख्या थोडी, त्यांनी एकजूट केली की त्यांचाही माणूस आत जाई. पहिल्याच निवडणुकीत लंडनच्या मॅरिलबोन प्रभागात एलिझाबेथ गॅरेट या डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्याच प्रभागात डार्विनचे खंदे पाठीराखे टी. एच. हक्स्लीही होते. गॅरेटबाईंना मतं पडली 47,858. हक्स्ली निवडून आले खरे, पण त्यांची मतं बाईंच्या एक तृतीयांशही भरली नाहीत. सबंध लंडनमध्ये बाईंइतकी मतं कुणालाच नव्हती. लंडनच्या मंडळाचे एकूण सभासद 49, आणि पहिले अध्यक्ष लॉर्ड लॉरेन्स, म्हणजे 1869 पर्यंत आपल्याकडे व्हाइसरॉय असलेले. हिंदुस्थानचा कारभार करून परतलेला माणूस शाळांचे ठराव वाचत बसला, यात त्याला कमीपणा वाटला नाही. आमच्याकडे समितीच्या बैठकीला बोलावलं, की 'वेळ नाही हो' म्हणणारे कितीतरी जण मला माहीत आहेत.

पण मला खरी ओढ आहे ती 1888 च्या निवडणुकीची. टॉवर हॅम्लेट्स हा पूर्व लंडनचा गरीब प्रभाग. त्याच उन्हाळ्यात तिथल्या काड्यापेटीच्या कारखान्यातल्या मुलींचा संप गाजला होता, आणि त्या मुलींची बाजू घेऊन लिहिणारी बाई आता मंडळासाठी उभी होती. अ‍ॅनी बेझंट. हो, त्याच बेझंटबाई, ज्यांनी पुढे आपल्याकडे होमरूलची चळवळ चालवली आणि ज्या 1917 साली काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या.

या निवडणुकीच्या दहा वर्षं आधी, 1878 साली, कोर्टानं बेझंटबाईंची लहान मुलगी त्यांच्यापासून काढून घेतली होती. बाई नास्तिक, त्यातून संततिनियमनाचं पुस्तक छापलेलं. अशा आईजवळ मूल नको, असा निकाल. निवडणुकीत विरोधकांनी त्यांच्या नास्तिकपणावरच बोट ठेवलं, पत्रकं वाटली. आणि टॉवर हॅम्लेट्सच्या लोकांनी काय केलं? 15,296 मतं देऊन बाईंना प्रभागात पहिल्या क्रमांकानं निवडून दिलं. पोटच्या एका मुलीला वाढवायला जिला नालायक ठरवलं, तिच्या हाती लोकांनी लंडनच्या लाखो लेकरांची शाळा सोपवली.

निवडून येणं हा अर्धाच भाग. मंडळाचं रोजचं काम म्हणजे कागद, दरपत्रकं, टाचणं. मंडळाची छपाई, बांधकामं कंत्राटदारांकडे जात. ज्याचा दर कमी त्याला काम, आणि तो कमी दर निघायचा मजुराच्या पोटातून. ज्याचा बाप छापखान्यात राबतो, त्या पोराला बापाची मजुरी कापून स्वस्तात पुस्तक द्यायचं, हा कुठला हिशेब? 1889 साली मंडळानं ठरवलं, की जो कंत्राटदार आपल्या माणसांना रास्त मजुरी देईल त्यालाच काम मिळेल. त्यामागे बेझंटबाईंचा मोठा रेटा होता.

त्याच वर्षी मंडळाच्या एका समितीनं मोजदाद केली. मंडळाच्या शाळांत येणारी सुमारे 44,000 मुलं नेहमीच अर्धपोटी असतात, असं तीत निघालं. म्हणजे दर आठांत एक. धर्मादाय जेवण मिळत होतं ते त्यांतल्या निम्म्यांनाही नाही. शाळेत येणं सक्तीचं, न आलं तर मंडळाचा माणूस घरी चौकशीला येणार. पण आलेल्या पोराच्या पोटात काय आहे, हे विचारणं कुणाचंच काम नव्हतं. बेझंटबाई ते विचारत राहिल्या. 1891 ला त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. 1904 साली ते मंडळच मोडीत निघालं. मुलांच्या जेवणावर कराचा पैसा खर्च करायची मुभा देणारा कायदा आला तो 1906 साली.

आपला या सगळ्याशी संबंध काय? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्लंडच्या 1870 च्या कायद्याचा नमुना होता. 1912 साली विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. पण पुढे मुंबई इलाख्यात 1923 चा कायदा आला, स्वातंत्र्यानंतर 1947 चा आला आणि आपल्या गावोगावच्या नगरपालिकांत शिक्षण मंडळं बसली. 2013 मध्ये कायदा बदलून ती काढून टाकण्यात आली. आता पालकाच्या हाती उरली आहे ती शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात.

कायद्यात इतकं आहे. आणि पालकसभेत काय होतं? मुख्याध्यापिका विचारतात, 'कोण होतंय सभासद?' आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागतात. मीही बघतच होते. पण आदल्याच दिवशी लेक घरी येऊन म्हणाली होती, की मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, एकीनं आत जायचं तर दुसरीनं दार धरून उभं राहायचं. मी तेवढंच विचारलं आणि सभेनं मला सभासद करून टाकलं. माझी निवडणूक ती एवढीच. कडी बसायला तीन बैठका लागल्या.

बेझंटबाईंची ही हकीकत मी वाचली ती त्यानंतर. पुढच्या सोमवारी साडेअकराला शाळेत गेले, वाटीत खिचडी घेतली, खाल्ली आणि लिहिलं, 'मीठ बेताचं. डाळ फार कमी.' वर्गशिक्षिका घाबरल्या. म्हणाल्या, 'ताई, असं लिहायचं नसतं हो, वर चौकशी होते.' मी म्हटलं, 'होऊ दे की.' तेवढ्यात स्वयंपाक करणाऱ्या मावशी हात पुसत पुढे आल्या. 'ताई, मला डाळ येते तीच कमी. पोत्यावर लिहिलंय एक, भरतं दुसरंच. मी काय करू, पाणी वाढवते.' मावशींना ही गोष्ट किती दिवसांपासून ठाऊक होती, देव जाणे. विचारलंच नव्हतं कुणी.

त्या महिन्याच्या बैठकीत ठराव झाला, की माल उतरवून घेताना दोन पालकांसमोर तोलायचा. काटा समोरच्या किराणावाल्यानं दिला. पहिलं पोतं काट्यावर चढलं तेव्हा माल आणणारा पोरगा चुळबुळत म्हणाला, 'आतापर्यंत कुणी तोललं नाही हो कधी.' तोललं, तर जवळजवळ दोन किलो कमी भरलं. तेवढं वहीत लिहून त्याची सही घेतली. पुढची पोती बरोबर आली. खिचडी फार थोर झाली असं मी म्हणणार नाही; डाळ दिसायला लागली, इतकंच.

हल्ली माझ्या लेकीच्या वर्गातली एक पोरगी, ताट घेऊन रांगेत उभी असताना, मी वही उघडलेली दिसली की विचारते, 'काकू, आज काय लिहिणार?'

मी तिला म्हणते, 'थांब, आधी खाऊन तर बघू दे.'