पुन्हा वाढणारी पानथरी



"पानथरी वाढली" हे शब्द आपल्या घरांना नवे नाहीत. हिवतापाने फुगलेली मुलांची पोटे वडीलधाऱ्यांनी पुष्कळ पाहिली आहेत. पण हिवताप नसतानाही मूल फिके पडते, नाकातून रक्त येते, हाडे ठणकतात आणि डाव्या बरगडीखालचा गोळा वाढतच जातो. यामागे कधीकधी गोशेचा आजार असतो. पॅरिसमध्ये फिलिप गोशे यांनी १८८२ साली त्याचे प्रथम वर्णन केले. त्यांना ती पानथरीतील गाठ वाटली.

वास्तविक दोष पानथरीचा नव्हेच. जुन्या रक्तपेशी मोडून टाकण्याचे काम काही भक्षक पेशी करतात. त्यातील एक स्निग्ध पदार्थ पचविणारे पाचकद्रव्य या रोग्यांत अपुरे असते, हे ब्रेडी यांनी १९६५ मध्ये दाखविले. न पचलेला माल साठत जातो आणि कोठार फुगते. आपली पानथरी दीड-दोनशे ग्रॅमची. या रोग्यांची कित्येक पटींनी मोठी होते.

मग ती काढूनच का टाकू नये? पूर्वी तसेच करीत. रक्त सुधारे. परंतु पानथरी रोगजंतूंविरुद्धचा पहारेकरीही आहे. ती काढलेल्या तान्ह्या मुलांना जीवघेणे जंतुसंसर्ग होतात, हे १९५२ पासून माहीत झाले. शिवाय साठणारा माल यकृताकडे व हाडांकडे वळेल, अशीही भीती होती. म्हणून शल्यविशारदांनी रक्तपुरवठ्यासह एक तुकडा शिल्लक ठेवून पाहिला. पहारा काहीसा राहिला, पण तो तुकडा अनेकांत पुन्हा वाढू लागला. काहींवर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली. त्यात नवल नाही. भक्षक पेशी अस्थिमज्जेतून येतात आणि दोष घेऊनच येतात. कोठार लहान केले म्हणून आवक थांबत नाही. मला तरी हा शस्त्रक्रियेचा पराभव वाटत नाही. तिने वेळ मिळवून दिला.

१९९१ पासून अमेरिकेत ते पाचकद्रव्य शिरेतून देता येऊ लागले. बहुधा दर पंधरवड्याला, जन्मभर. पानथरी आकसते, चाकू सहसा लागत नाही. खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात या रोगाचा समावेश आहे आणि मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्या योजनेतील एक केंद्र आहे.

आता थोडे अवघड बोलतो. आई-वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक शक्यता मूल आजारी होण्याची. चुलत-मामेभावंडांच्या निकाहात हा योग अधिक जुळतो. असा निकाह जायज आहे, फर्ज नाही. ज्या घरात असे मूल झाले असेल, तेथे रिश्ता ठरविण्याआधी रक्त तपासून घ्या. अब्रूच्या भीतीने लपवू नका. सून दोषी ठरविणाऱ्यांना तर सांगा, वारसा दोन्ही बाजूंनी येतो.

आणि कोणाची पानथरी पूर्वीच काढली असेल, तर न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धची लस राहिली आहे का, हे डॉक्टरांना विचारा. ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री इस्पितळ गाठा आणि दारातच सांगा, पानथरी नाही.