मयताच्या नावावरचे घर

(मोर्शी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मालक वारला की घर त्याच क्षणी वारसांचे होते. कागद मात्र मयताच्याच नावाने राहतो. मोर्शीच्या जुन्या वस्तीत अशी घरे काही कमी नाहीत: आखीव पत्रिकेवर आजोबा, नगरपरिषदेच्या कर पावतीवर वडील आणि दारावरच्या पाटीवर नातू. अशा घराचा सौदा आठवड्यात ठरतो आणि खरेदीखत होईपर्यंत संत्र्याचे दोन बहार उतरून गेलेले असतात. (हशा) दोष कचेरीला दिला जातो. खरे तर बहुतेक उशीर कचेरीच्या पायरीपर्यंत पोचलेलाच नसतो. भावंडांत जे बोलणे व्हायला हवे होते ते झालेले नसते, एवढेच. म्हणून खरेदीदाराने सर्वांत आधी वंशावळ मागावी. आखीव पत्रिका, कर पावती, शोध अहवाल हे सारे त्यानंतर.

वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित यांतला फरक येथे सर्वांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगे, मुली, विधवा, आई आणि आधीच वारलेल्या मुलामुलींचे वारस येतात. वंशावळीतून हमखास सुटते ती आई. मुलगा आईच्या आधी गेला, तर तिलाही हिस्सा मिळतो. पुढे ती गेली की तो हिस्सा तिच्या इतर मुलामुलींकडेही वळतो. मयताच्या बायको-मुलांपुरते वाटलेले घर अशा रीतीने काका-आत्यांच्या सह्यांपर्यंत पोचते.

वारस नोंदीला मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यूची नोंद वर्षभरात झालीच नसेल, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश मिळवावा लागतो आणि उशिराची पहिली गाठ तेथेच बसते. दुसरी गाठ नावाची: लेक माहेरच्या कागदांवर एका नावाने, सासरच्या आधारकार्डावर दुसऱ्या. वावराची वारस नोंद पटवाऱ्याकडे सुरू होते, नगर भूमापन झालेल्या घराची भूमी अभिलेख कार्यालयात. बुलडाणा जिल्ह्यात 1 मार्च 2025 ला सुरू झालेली आणि 1 एप्रिलपासून राज्यभर नेलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम शेतजमिनीपुरती होती. वावर जिवंत झाले, घर मयतच राहिले. (हशा) काही कुटुंबे घरासाठी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढायला धावतात. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखालचे ते प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांच्यासाठी असते, घरासाठी नाही. त्यात महिने फुकट जातात.

फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. नोंदीतून बहिणीचे नाव गाळले, म्हणून तिचा हिस्सा गळत नाही. आणि वऱ्हाडातल्या घरांचे सौदे ज्या एका जागी अडतात, ती जागा हीच असल्याने येथे थोडे थांबणे भाग आहे. बापाच्या स्वकष्टार्जित घरात मुलीला 1956 पासून मुलाइतकाच वाटा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम 23 ने राहत्या घरापुरती एक मेख मारून ठेवली होती: कुटुंबातील पुरुष वारस आपली वाटणी करेपर्यंत मुलीने घराची वाटणी मागायची नाही. वाटा होता, मागण्याची वेळ मात्र भावांच्या मर्जीची. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून, त्या तारखेपूर्वी लग्न न झालेल्या, मुलींना सहदायाद केले. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट उरली नाही आणि कलम 23 ही गेले. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा वाद पुढे पंधरा वर्षे चालला. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती गरज नसल्याचे ठरवले. कलम जाऊन वर्षे लोटली, तरी घरोघरी ते अजून लागूच असल्यासारखे वागणे चालते.

यावर “आमच्या बहिणी स्वखुशीने सोडतात” हे उत्तर सभागृहातून येते, पुरुषांच्या रांगांतून जरा मोठ्याने. (स्त्रियांच्या बाजूने हशा) स्वखुशी असेलही. पण ती मुद्रांक कागदावर लिहून नोटरीचा शिक्का मारल्याने पुरी होत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागते आणि ते सहहिस्सेदाराच्या लाभात होते, खरेदीदाराच्या नव्हे. खरेदीदाराचे हित याहून सरळ वाटेत आहे: खरेदीखतात बहिणीचे नाव ‘संमती देणार’ म्हणून न घालता ‘लिहून देणार’ म्हणून घालावे आणि तिच्या हिश्श्याचा धनादेश तिच्याच खात्यावर द्यावा. बहिणीने हिस्सा घेतला की माहेर तुटते, असे सांगणाऱ्यांनी न घेतल्याने किती सौदे तुटले तेही मोजावे. (टाळ्या)

वेळ संपत आल्याची चिठ्ठी टेबलावर आली आहे. पुढचे प्रकार आटोपते घ्यावे लागतील. अज्ञान वारसाच्या स्वतंत्र हिश्श्याची विक्री नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. केली, तर तो वारस सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत ती रद्द करून मागू शकतो. परदेशातील वारसाचे मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते. मयताने स्वतः दिलेले मुखत्यारपत्र त्याच्या मृत्यूबरोबर संपलेले असते, हे विसरून खरेदीखते लिहिली गेली आहेत. बेपत्ता वारसासाठी सात वर्षांचे गृहीतक आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी दुय्यम निबंधकापुढे उभे राहावे, ही समजूत खोटी आहे. वेगवेगळ्या दिवशी सह्या झाल्यास प्रत्येक सहीपासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी हजर करता येतो.

राहिला इसार. वंशावळ पुरी होईपर्यंत तो नाममात्र असावा. सौदाचिठ्ठीतली मुदत कॅलेंडरच्या तारखेला न बांधता वारस नोंद पूर्ण होण्याला बांधावी; एकाही वारसाने नकार दिल्यास इसार परत, हेही त्यात लिहावे. बँकेची कर्जमंजुरी तोवर मुदतबाह्य होऊ शकते, म्हणून कर्जाचा अर्ज नोंद झाल्यावर करावा. एकट्या भावाचा हिस्सा विकत घेऊन घरात शिरता येत नाही. राहत्या घरात परक्या खरेदीदाराला संयुक्त ताबा मागण्याचा हक्क नाही. आधीच कब्जा घेतला, तर त्या करारावरच खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागते. मुदतवाढ तोंडी घेऊ नये. ठरलेल्या तारखेपासून, तारीख ठरली नसल्यास नकार कळल्यापासून, तीन वर्षांत दावा लावावा लागतो आणि आपण पैसे घेऊन तयार होतो हे खरेदीदारालाच सिद्ध करावे लागते. गप्प बसून वाट पाहणाऱ्याकडे ते दाखवायला काही नसते. खरेदीखत नोंदल्यावर आखीव पत्रिकेवर आणि नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीत नाव चढवण्याचे अर्ज त्याच आठवड्यात द्यावेत.