पाण्याचे हिवाळी वाटेकरी

आमच्या नामपूरच्या मोसम नदीवर जुने बंधारे आहेत. बंधारा म्हटला की आम्हां बागलाणकरांच्या डोळ्यांपुढे पाट येतो, गहू येतो, कांदा येतो. पक्षी काही येत नाही. म्हणून गेल्या पौषात काही विद्यार्थ्यांना घेऊन सटाणा, देवळा, चांदवड असे करीत मी नांदूर मध्यमेश्वरला गेलो.

निफाडची थंडी आपण ऐकून आहातच. उजाडता उजाडता आम्ही चापडगावच्या मनोऱ्यावर चढलो. सूर्य पाठीशी, अंगावर मळकट रंगाचे कपडे आणि तोंडाला कुलूप. पक्षी पाहायचे तर एवढी शिस्त हवीच. धुके विरले आणि समोरचे पाणी जागे झाले. केशरी अंगाची चक्रवाकाची जोडी, लांब शेपटीची तलवार बदके, फावड्यासारख्या चोचीचे थापटे! ही मंडळी हिमालयापलीकडून येतात, तिकडचे पाणी गोठले म्हणजे. आपल्या लोकांनी पक्ष्यांना नावे तरी किती गोड दिली आहेत! कपाळावर पांढरा टिळा, म्हणून तो वारकरी. चोचीवर पिवळे आणि तांबडे, म्हणून ते हळदी-कुंकू बदक.

इतक्यात एका विद्यार्थ्याने हळूच विचारले, "सर, एवढं पाणी नुसतं पाखरांसाठी? खाली शेतं वाळतात की!"

प्रश्न खरा होता. शेतकऱ्याच्या मुलाने तो विचारायलाच हवा.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी हा बंधारा बांधला, तो शेतीसाठीच. पुढे नद्यांनी गाळ आणला. साठा उणावला, पण गाळाची बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या, पाणी उथळ झाले. आपला जो तोटा, तेच पाखरांचे घर ठरले. १९८६ साली येथे अभयारण्य झाले. पाणथळ जागा राखण्याचा आंतरराष्ट्रीय करार इराणातील रामसर गावी १९७१ साली झाला होता. त्याच्या यादीत आलेले हे महाराष्ट्रातले पहिले ठिकाण. ही बातमी २०२० च्या जानेवारीत जाहीर झाली.

आता या घराची गंमत अशी, की ते बोटभर पाण्यावर तोललेले आहे. तलवार बदक शेपूट वर करून, मान बुडवून तळातले खाते. पाणी फार चढले तर त्याची चोच तळाला पोचत नाही. तुतवार काठच्या ओल्या चिखलात किडे टिपतो. पाणी चढले की चिखल बुडतो, एकदम सोडून दिले की वाळतो. तेव्हा प्रश्न पाणी कोणाचे, एवढाच नाही. ते केव्हा आणि किती सोडायचे, हाही आहे.

मी त्या मुलाला आमच्या फडाची आठवण दिली. मोसमच्या काठी फडपद्धतीत पाटकरी ठरल्या क्रमाने पाणी देई, आणि टंचाईच्या साली सारे फड न पेरता थोडेच पेरीत. पाण्याचे वाटे कसे करावेत हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. त्या हिशेबात हिवाळ्यापुरता एक वाटेकरी वाढवायचा, इतकेच.

मुलगा काही बोलला नाही. पण परतताना मोसमच्या बंधाऱ्यापाशी त्याने गाडी थांबवायला लावली आणि गाळाच्या कडेला शेपूट हलवीत फिरणारा एक धोबी पक्षी मला दाखवला.

श्रोते हो, आपल्या गावचा बंधाराही एकदा पहाटे पाहून या.