छातीतील दुखणे : दुर्लक्ष नको, भीतीही नको

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कशेळे येथे झालेल्या सभेतील भाषणाचा लिखित मजकूर)



मी डॉक्टर नाही. बी. कॉम. झालो आणि वडिलांच्या कापडाच्या गादीवर बसलो. असे असता छातीच्या विकारांवर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो अधिकार मला एका दुःखाने दिला, हे प्रथम नम्रपणे नमूद करतो.

अनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नसराईचे दिवस होते. सायंकाळी दुकान वाढवताना माझे मोठे बंधू छाती चोळत म्हणाले, "जरा जड वाटते आहे, पित्त झाले असेल." कपाळावर घाम होता. डावा खांदा दुखत होता. आम्ही त्यास दिवसभर तागे उचलल्याचा शीण मानला. सूर्यास्त झाला होता, त्यांचा चौविहार होता. पाणीसुद्धा नको म्हणाले. सकाळी पाहू, असे सर्वांनी मिळून ठरवले. ती सकाळ त्यांनी पाहिली नाही. दोष कोणा डॉक्टरचा नव्हता, वाहनाचा नव्हता. दोष आमच्या अज्ञानाचा होता. वहिनींना मी आजही त्या रात्रीविषयी नजर वर करून बोलू शकत नाही.

म्हणून त्यानंतर जाणकार डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आज आपणासमोर मांडतो.

छातीच्या पिंजऱ्यात दोन मोठे शेजारी राहतात : हृदय आणि फुप्फुसे. एकाचे दुखणे दुसऱ्याच्या दारी कळते. दम लागणे हे हृदयाचेही लक्षण आणि फुप्फुसाचेही. हा घोटाळा वैद्यकासही जुना आहे. इ. स. १८१६ मध्ये पॅरिसचे डॉक्टर लेनेक यांनी हृदयविकाराची लक्षणे असलेल्या एका तरुण स्त्रीस तपासताना कागदाची गुंडाळी करून तिच्या छातीस लावली, आणि त्यांना हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकू आले. त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मास आला. छातीतले आवाज जगाला ऐकवणारे हे डॉक्टर स्वतः १८२६ साली क्षयाने गेले.

प्रथम हृदयाचे पाहू. हृदयाच्या स्नायूस रक्त देणारी नलिका गुठळीने बंद झाली, की स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हातात, जबड्यात, पाठीत वा पोटाच्या वरच्या भागात जाणे, घाम, मळमळ, ही त्याची लक्षणे. स्त्रियांत, वृद्धांत आणि मधुमेह असणाऱ्यांत मात्र पुष्कळदा वेदना फारशी नसते. नुसता दम, गळून गेल्यासारखे वाटणे वा अपचनासारखी जळजळ असते. घरातील भगिनी "काही नाही, दमले आहे" म्हणतात, तेव्हा कृपया दोनदा विचारा.

झटक्याआधी शरीर कधी कधी इशारा देते. चढ चढताना छाती भरून येते, थांबले की बरे वाटते. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढण्याची इच्छा आपणा प्रत्येकास असते. चढताना छातीत दाब आला, तर तो श्रद्धेची परीक्षा समजून रेटू नये. यात्रेपूर्वी तपासणी करून घ्यावी.

रात्री आडवे पडल्यावर दम लागणे, दोन उशा घेऊन झोपावे लागणे, पायांस सूज येणे, ही हृदय दुर्बल झाल्याची खूण असू शकते.

आता फुप्फुसे. श्वास घेताना वा खोकताना बोचणारी वेदना आणि सोबत ताप व कफ असल्यास न्यूमोनिया वा फुप्फुसाच्या आवरणाचा दाह संभवतो. शस्त्रक्रियेनंतर, दीर्घ अंथरुणानंतर वा लांबच्या प्रवासानंतर एका पायास सूज येऊन अचानक दम लागला, तर पायातील गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. ती हृदयाच्या झटक्याइतकीच तातडीची.

क्षयरोगाने महाराष्ट्राचे किती नुकसान केले! थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊर येथे अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेले. कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच गेल्या. तेव्हा औषध नव्हते. आज आहे, आणि सरकारी रुग्णालयात विनामूल्य आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही आढळल्यास थुंकी तपासावी. साध्या क्षयाचे उपचार साधारण सहा महिने चालतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. पोषणासाठी रुग्णास दरमहा मिळणारी ५०० रुपयांची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे. आपल्या दुकानी काम करणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या आदिवासी बांधवांस हे आपण सांगितले पाहिजे.

चुलीच्या धुराने जन्मभर विडी न ओढलेल्या माउलीचीही फुप्फुसे झिजतात. कापूसही निर्दोष नाही. गिरण्यांत कच्चा कापूस पिंजण्याच्या खात्यातील कामगारांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळून येत असे. धुळीच्या त्या विकारास बिसिनोसिस म्हणतात. ज्या कापडावर आपण पोट भरले, त्याच्या धाग्यात कोणाचा श्वास गुंतला होता, हे मला फार उशिरा कळले.

मग करावे काय? व्यापारी माणूस म्हणून हिशेब सांगतो. दाब, घाम वा दम अशी वेदना काही मिनिटांत ओसरली नाही, तर तिला पित्त समजू नये. रुग्णास बसवावे, चालवू नये, स्वतः गाडी चालवू देऊ नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे व विनामूल्य आहे. अ‍ॅस्पिरिन चावून घेण्यास डॉक्टर सांगतात, पण अ‍ॅलर्जी वा रक्तस्रावाचा त्रास असल्यास ते घातक ठरते. म्हणून विचारूनच घ्यावे. जिभेखालची गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नये, रक्तदाब एकाएकी उतरतो. आपल्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे, कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथे प्रथम ईसीजी काढावा. पहिली पट्टी निर्दोष आली म्हणून घरी परतण्याची घाई नको. काही वेळाने ती पुन्हा काढतात, रक्तही तपासतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पहिल्या तासाचे मोल नंतरच्या बारा तासांस येत नाही.

आणि आपल्या व्रतांविषयी एक शब्द. पच्चक्खाणातच आगार सांगितलेले आहेत. तीव्र पीडेत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सूट आपल्या पूर्वाचार्यांनीच ठेवली आहे. गुरुभगवंतांना विचारून ही गोष्ट आजच घरात सर्वांस सांगून ठेवावी. रात्री त्या क्षणी विचारण्यास वेळ नसतो. माझ्या बंधूंस हे कोणी सांगितले असते, तर कदाचित ते आज या पहिल्या रांगेत बसलेले असते. मधुमेह वा हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा.

चार वर्षांपूर्वी गाठ उतरवताना माझीही छाती अशीच जड झाली. मी "पित्त" हा शब्द उच्चारला मात्र, सौभाग्यवतींनी मला खुर्चीत बसवले आणि मुलास दूरध्वनी करावयास सांगितले. त्या रात्री उपचार झाले, म्हणून आज आपणासमोर उभा आहे. एकाच घरात, एकाच दुखण्याचे दोन हिशेब झाले. फरक फक्त वेळेचा होता.

ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या या शुभप्रसंगी माझी एकच विनंती. प्रत्येक घरात दूरध्वनीजवळ १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, आणि छातीच्या दुखण्यास "सकाळी पाहू" हे शब्द आपल्या समाजातून कायमचे काढून टाकावेत.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.