काकडीवरील मोझॅक आणि ज्वारीची आडभिंत

अमरावती-अकोल्याकडील मळ्यांत काकडीच्या वेलाचीं पानें हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनीं चितारलीं, शेंडे आखडले व फळें वांकडीं आलीं, कीं मोझॅकची शंका घ्यावी. या रोगाचें वर्णन १९१६ सालीं डूलिटल व जॅगर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं केलें. त्याचा विषाणु मावा पसरवितो. रोगट पानांत सोंड खुपसतांच थोड्या सेकंदांत विषाणु तिला चिकटतो. म्हणून फवाऱ्यानें मावा मरेपर्यंत रोग पुढें गेलेला असतो. रोग जडलेल्या वेलास औषध नाहीं. चार फळांच्या आशेनें तो राखणें म्हणजे शेजारचे वेल गमावणें होय; तो तत्काळ उपटून पुरावा. लावणीपूर्वीं दोन-तीन आठवडे मळ्याभोंवतीं ज्वारीच्या दाट ओळी पेराव्या. उडत येणारा मावा आधीं ज्वारीस सोंड टोंचतो व बराचसा विषाणु तेथेंच गळतो. वऱ्हाडची भाकर अशा रीतीनें काकडीचीहि राखण करते.