वस्तुमान खरंच बदलत नाही?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



'तुझ्या विषयातलं सांग, पण सगळ्यांना कळेल असं,' ही संयोजकांची अट आहे. म्हणून आपल्या सर्वांना पाठ असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करते. वजन जागेनुसार बदलतं, वस्तुमान मात्र सगळीकडे सारखंच राहतं. 'फरक स्पष्ट करा'मध्ये हे लिहिलं की गुण मिळायचे. ते बरोबरच आहे. एक किलो साखर चंद्रावर नेली तरी तिचं वस्तुमान एक किलोच. माझा विषय मात्र हे विधान कुठपर्यंत चालतं, हा आहे.

आधी एक सोपं उदाहरण घेऊ. न्यूट्रॉन मोकळा सोडला, तर तो सरासरी १५ मिनिटांत फुटतो आणि त्याचा प्रोटॉन होतो. पण तुमच्या-माझ्या शरीरातल्या कार्बनच्या जवळजवळ प्रत्येक अणुकेंद्रकात सहा-सहा न्यूट्रॉन आहेत आणि ते टिकून आहेत. तिथे प्रोटॉनमध्ये रूपांतर होणं ऊर्जेच्या हिशोबात परवडत नाही. कण तोच, पण शेजार बदलला आणि आयुष्य बदललं.

मग शेजार बदलल्यावर वस्तुमानही बदलेल का? ही शंका यायला कारण आहे. प्रोटॉनचं वस्तुमान ऊर्जेच्या एककात सुमारे ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्यातल्या तीन क्वार्कचं स्वतःचं वस्तुमान मिळवलं, तर त्याच्या जेमतेम एक टक्का भरतं. उरलेलं जवळजवळ सगळं क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या ऊर्जेतून, त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलातून येतं. शिवाय सिद्धांत सांगतो, की निर्वात पोकळीही रिकामी नसते. क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोड्यांचा एक साठा तिच्यात भरून असतो आणि कणांच्या वस्तुमानाशी त्याचा जवळचा संबंध आहे. पदार्थ पुरेसा तापवला किंवा दाबला, की हा साठा विरू लागतो. मग कणांच्या वस्तुमानाचं काय होणार?

जेराल्ड ब्राऊन आणि मान्क ऱ्हो यांनी १९९१ साली उत्तर सुचवलं : वस्तुमान घटेल. राल्फ रॅप आणि योखेन वाम्बाख यांचं गणित वेगळं सांगत होतं : वस्तुमान फारसं सरकणार नाही, पण गर्दीत धक्के खाऊन ते पसरट होईल. कणाचं आयुष्य जितकं कमी, तितकं त्याचं वस्तुमान अस्पष्ट, हा क्वांटम नियमच आहे. आपल्याला वस्तुमान कुठून मिळतं, याची आपली समजूत इथे पणाला लागली होती.

परीक्षेसाठी निवडला गेला तो ऱ्हो मेसॉन. (शास्त्रज्ञाचं आडनाव आणि कणाचं नाव एकच, हा निव्वळ योगायोग!) त्याचं आयुष्य सेकंदाचा अब्जावा भाग घ्या, त्याचा पुन्हा अब्जावा, आणि त्याचेही लाखो तुकडे करा, इतकं कमी. त्यामुळे तो तप्त पदार्थाच्या आतच जन्मतो आणि बहुधा आतच मरतो. दर वीस हजारांतून साधारण एकदा तो मरताना दोन म्यूऑन सोडतो. म्यूऑनना प्रबळ केंद्रकीय बल जाणवत नाही, म्हणून ते त्या गर्दीतून अडथळ्याविना बाहेर पडतात आणि आतली बातमी जशीच्या तशी आणतात.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 'एनए६०' या प्रयोगाने २००३ साली इंडियमची अणुकेंद्रकं इंडियमवरच आदळवली. अशा टकरीत क्षणभर दीड-दोन लाख कोटी अंश तापमान होतं, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या सुमारे लाखपट. म्यूऑनच्या जोड्या मोजल्या, इतर ज्ञात स्रोतांचा वाटा वजा केला आणि २००६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ऱ्होचं शिखर खाली सरकलं नव्हतं, ते पसरलं होतं. ब्राऊन-ऱ्हो यांची कल्पना तिच्या साध्या रूपात तरी टिकली नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. तापवलेल्या नव्हे, साध्या थंड अणुकेंद्रकात काय होतं? जपानच्या केईके प्रयोगशाळेतल्या गटाला तिथे वस्तुमान सुमारे ९ टक्के घटल्याचं दिसलं. अमेरिकेच्या जेफरसन प्रयोगशाळेत तशी घट दिसली नाही, फक्त पसरटपणा दिसला. दोन्ही गट जबाबदार, दोन्ही मोजमापं कष्टाची. हा वाद आवाज चढवून मिटत नाही, म्हणून जपानमध्येच जे-पार्क इथे अधिक अचूक प्रयोग उभारला गेला.

या क्षेत्रात आपली माणसंही आहेत. सर्नच्या 'ॲलिस' प्रयोगात मुंबईची आयआयटी सहभागी आहे. त्यातल्या म्यूऑन-शोधकासाठी 'मानस' ही चिप कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने रचली आणि ती चंदीगडजवळ तयार झाली.

विद्यार्थ्यांनो, परीक्षेत 'वस्तुमान सर्वत्र सारखेच' असंच लिहा, गुण सोडू नका. पण तास संपल्यावर सरांना किंवा बाईंना जरूर विचारा : सर्वत्र म्हणजे नेमकं कुठे कुठे? या प्रश्नावर अजून बरंच काम बाकी आहे आणि त्याला तुमच्यासारखी माणसं लागणार आहेत.