एका अस्थीची ओळख
(परभणी येथील व्याख्यानाचा मजकूर)



परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या एखाद्या जुन्या पांढरीत माती खणताना हाड वर आले, तर आपण काय करतो? हात जोडतो आणि ते गंगेत सोडतो. भावना शुद्धच आहे. परंतु हाड ज्या जागी सापडले ती जागा विसरली गेली, की त्या माणसाचे नाव शोधण्याची वाट जवळजवळ बंदच होते. जुन्या गोव्यात सापडलेल्या एका अस्थीची कथा या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे.

काळ्या समुद्राकाठी जॉर्जिया हा लहानसा ख्रिस्ती देश आहे. तेथील काखेती राज्याची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. स्वधर्म सोडण्यास तिने ठाम नकार दिला. १६२४ साली शिराझ येथे हालहाल करून तिला मारण्यात आले. तेथील ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी गुप्तपणे हलविल्या आणि १६२७ साली त्यांतील काही गोव्यात आणल्या. सेंट ऑगस्टिन मठाच्या कोणत्या दालनात, कोणत्या बाजूच्या कितव्या खिडकीत त्या ठेवल्या, हेही पोर्तुगीज कागदपत्रांत नोंदले गेले. नोंद तशी रूक्ष, कारकुनी थाटाची. पण पुढचा सारा शोध तिच्याच आधारावर झाला!

कालांतराने मठ ओस पडला. १८४२ साली तेथील चर्चचे छत कोसळले. ढिगाऱ्याखाली राणीच्या अस्थी हरवल्या. जॉर्जियाची पथके शोधासाठी गोव्यात येऊन गेली. अखेर २००४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला उत्खननात हाताचे एक हाड मिळाले.

हाड मिळाले, पण कोणाचे? उत्तर हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेने शोधले. प्राचीन हाडातील डीएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात, शिवाय हाताळणाऱ्याचा डीएनए त्यात सहज मिसळतो. त्यामुळे हे काम अत्यंत जपून करावे लागते. आईकडून अपत्याकडे येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासला असता 'यू१बी' हा मातृवंश आढळला. भारतातील सुमारे २२ हजार नमुन्यांत तो एकातही नव्हता. जॉर्जियातील ३० जणांपैकी दोघांत मिळाला.

येथे शास्त्रज्ञांनी दाखविलेला संयम लक्षात घ्यावा. या चाचणीने राणीचे नाव सांगितले नाही. मातृकुळाचा प्रदेश तेवढा सांगितला. नाव सांगितले ते जुन्या कागदांनी आणि उत्खननातील जागेने. म्हणूनच २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ही अस्थी राणीची असण्याची शक्यता आहे, इतकेच म्हटले आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना मात्र एवढा धीर कोठून असणार!

जॉर्जियाच्या लोकांसाठी केतेवान संत आहे. जुलै २०२१ मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसी येथे त्या अस्थीचा एक भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला.